पेल्याच्या तळाशी

“सोमल दुधात घातला तर पिणाऱ्याला कळतं का हो, डॉक्टर?”

आमटीत गूळ किती घालावा असं विचारावं, तितक्या सहज नीळकंठराव हुदलीकरांनी हे विचारलं. अण्णा खुर्चीत मागे रेलून हसले.

“कुणाच्या दुधात घालताय?”

“नायिकेच्या. नवरा घालणार आहे. रोज थोडा थोडा.”

“मग नाही कळणार. ना चव, ना वास. पण वकीलसाहेब, लक्षणं तेवढी नीट लिहा. आपले कादंबरीवाले बायकांना विरहाने मारतात, नाहीतर वीज पाडून. एकाही बाईला धड रोग होत नाही.”

मग अण्णांनी लक्षणं सांगितली. ओकाऱ्या, पोटातली आग, घशाला कोरड, हातापायांना मुंग्या. वैद्याला हे सगळं अपचनच कसं वाटतं, तेही सांगितलं. नीळकंठराव काहीच टिपून घेत नव्हते. साक्षीदाराकडे पाहावं तसे ते अण्णांच्या तोंडाकडे पाहत होते. मी माजघराच्या दारात प्रुफांचा गठ्ठा घेऊन उभी होते. त्यांनी मध्येच मान वळवली आणि म्हणाले, “भीमाताई, घाबरलात?”

“नाही.”

“मग पदर का घट्ट धरलात?”

मी खाली पाहिलं. पदर खरोखरच माझ्या मुठीत होता.

ही बेळगावची गोष्ट, विक्टोरिया राणीच्या अमदानीतली. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, डॉक्टर भास्कर नेर्लेकर. मुंबईला शिकून आलेले. दवाखाना चांगला चालत होता, पण त्यांचा जीव होता ‘ज्ञानमयूख’ या आपल्या मासिकात. अर्ध्या मासिकात शास्त्र, अर्ध्यात साहित्य. पहिल्या अर्ध्यात विजेची, रक्ताभिसरणाची, धूमकेतूंची माहिती. दुसऱ्यात कविता आणि क्रमशः कादंबरी. वाचक दुसरं अर्धं आधी वाचतात, याचं अण्णांना फार वाईट वाटे. म्हणून त्यांनी त्या वर्षीच्या पहिल्या अंकात एक सणसणीत निबंध लिहिला. शास्त्रज्ञ जसा प्रयोगशाळेत पाहतो, पारखतो, प्रयोग करतो आणि मगच बोलतो, तसंच कथा लिहिणाऱ्यानेही केलं पाहिजे. माणसाचं मन हीही निसर्गाचीच वस्तू आहे, असं त्याचं सार. निबंधावर बरीच पत्रं आली. बहुतेकांनी नाकं मुरडली होती. मनापासून पटलं असं सांगायला एकच माणूस घरी आला, तो म्हणजे नीळकंठराव. कोर्टात वकिली करत. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं लोक म्हणत.

आणि मी अण्णांची धाकटी बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, केस गेले, अंगावर आलवण आलं. वडील गेल्यावर अण्णांनी मला आपल्याकडे आणलं आणि जपमाळेऐवजी हातात परीक्षानळी दिली. घराच्या मागच्या खोलीत त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. दुधातलं पाणी, औषधातली भेसळ, विहिरीच्या पाण्यातला क्षार, हे सगळं पुढेपुढे मीच तपासू लागले. शिवाय मासिकाची प्रुफं. त्यामुळे नीळकंठरावांची कादंबरी छापून येण्याआधी वाचणारी मी पहिलीच.

कादंबरी चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. नायिका होती चंपावती. तिचा नवरा सभ्य, सुशिक्षित, मृदुभाषी. तो रोज सकाळी स्वतःच्या हाताने तिला दुधाचा पेला आणून देतो. शेजारणी म्हणतात, काय भाग्याची! वाचकाला मात्र हळूहळू कळू लागतं की दुधात काहीतरी आहे. चंपावतीला ते सर्वांत शेवटी कळतं. धारवाडहून, कोल्हापूरहून वाचकांची पत्रं येत, पुढे काय होतं ते लवकर कळवा म्हणून. अण्णा खूश होते. “बघ भीमे, एक वाक्य खोटं नाही. एखाद्या रसायनशास्त्र्याने लिहावी तशी कादंबरी आहे,” ते म्हणत.

श्रावणात नीळकंठरावांची बायको आजारी पडली.

तिचं नाव तुंगा. माहेर निपाणीचं, वडील शाळामास्तर. विशीतली पोर, उंच, हसरी. हळदीकुंकवाला आली की बायका तिला उखाणे घ्यायला लावत. अण्णांनी तिला तपासलं आणि अपचनाचं औषध दिलं. गुण येईना. तेव्हा त्यांनी मला पाठवलं. म्हणाले, “बायका डॉक्टरला सगळं सांगत नाहीत. तू बसून बोल जरा.”

मी गेले तेव्हा ती न्हाणीघराजवळ बसून वाटी घासत होती. राखेने घासली, धुतली, उन्हाकडे धरून पाहिली आणि पुन्हा घासायला घेतली. गालफडं बसली होती. मला पाहून तिने वाटी पदराआड केली.

“काय खातेस गं तू?” मी विचारलं.

“सगळं खाते.”

तिच्या आत्याबाई, म्हणजे नीळकंठरावांच्या आत्या, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “कसलं खातेय! घास तोंडात घालते नि मोरीवर जाऊन ओकते. नीळू बिचारा रोज सकाळी स्वतः दूध नेऊन देतो. आमच्या घराण्यात कुठल्या पुरुषाने बायकोला दूध दिलंय?”

आत्याबाई आत गेल्यावर तुंगा माझ्याजवळ सरकली. आवाज इतका बारीक, की मला तिच्या ओठांकडे पाहावं लागलं.

“भीमाताई, दूध ओतून दिलं की पेल्याच्या तळाशी पांढरी कणी राहते. ती कशाची असते हो?”

“साखरेची असेल.”

“आमच्याकडे दुधात गूळ घालतात.”

तसाच एक प्रसंग मी आदल्याच दिवशी वाचला होता. चंपावती दूध मोरीत ओतते आणि पेल्याच्या तळाशी तिला पांढरी कणी दिसते. ते प्रकरण अजून छापायचं होतं. ते वाचणारी माणसं तीन: लिहिणारे, अण्णा आणि मी. आणि तुंगाला तर अक्षरओळख नाही, असंच सगळे समजत होते. नीळकंठराव स्वतः हसून सांगत, “आमच्या कुटुंबाला काळ्या अक्षरांचं वावडं आहे.” मग हे तिने पुस्तकातून उचललं नव्हतं. तिने ते पेल्यात पाहिलं होतं.

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला.

“वेडी आहेस का तू? खून करायचा असलेला माणूस आधी मासिकात जाहीर करील?”

“करील. सगळे असंच म्हणतील, म्हणूनच करील.”

“नीळकंठरावांसारखा माणूस!”

“अण्णा, सोमलाची लक्षणं त्यांनी तुम्हाला विचारली. तुंगाला ओकाऱ्या आहेत, घशाला कोरड आहे. आज म्हणाली, पायांना मुंग्या येतात.”

“ओकाऱ्या शंभर रोगांत होतात.” त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, “नुसत्या संशयावर मी कुणाच्या दारात उभा राहणार नाही. शास्त्राला पुरावा लागतो.”

“मग पुरावा आणते,” मी म्हटलं.

त्यानंतरचे काही दिवस फार वाईट गेले. नीळकंठराव नेहमीसारखे येत, ओसरीवर बसत, विजेच्या दिव्यांवर आणि डोंगरांच्या वयावर गप्पा मारत. मी पाणी नेऊन दिलं की म्हणत, “भीमाताई, हल्ली तुम्ही माझ्याकडे पाहत नाही.” त्यांचे हात स्वच्छ, नखं कापलेली. मी त्या हातांकडेच पाहत असे. हे हात सकाळी पेला उचलतात, असं मनात येई. एकदा त्यांनी विचारलं, “आमच्या तुंगाकडे पुन्हा जाणार का? जरूर जा. तिला तुमच्याशी बोलायला आवडतं.” त्या आग्रहाचाही मला संशय आला. माझ्या येण्याला ते आडकाठी करत नव्हते, उलट दार उघडून देत होते. विष घालणारा माणूस असं करतो का? की अशाने कुणाला संशय येणार नाही, हे त्याला ठाऊक असतं? माझं डोकं भणाणून जाई.

एका शुक्रवारी तुंगा आत्याबाईंबरोबर औषध न्यायला आली. तिला चालवत नव्हतं, भिंत धरत आली. आत्याबाईंना कपिलेश्वराला जायचं होतं. मी म्हटलं, “तुम्ही दर्शन घेऊन या, तोवर हिला इथं बसू दे.” त्या गेल्या. अण्णा दवाखान्यात होते. घरात आम्ही दोघीच.

“तुंगे, ती कणी मला कशी आणून देशील?” मी विचारलं.

तिने कमरेची पिशवी सोडली आणि चांदीचा करंडा काढला. झाकण उघडलं. त्यात कुंकू नव्हतं. तळाशी करड्यापांढऱ्या रंगाचा वाळलेला चुरा होता.

“रोजची थोडी थोडी ठेवली आहे,” ती म्हणाली. “मी मेल्यावर कुणीतरी पाहील, म्हणून.”

मी तिला मागच्या खोलीत नेलं. स्टुलावर बसवलं. बाटलीत जस्ताचे तुकडे टाकले, वरून गंधकाचं पातळ तेजाब ओतलं. बुडबुडे आले. नळीच्या टोकाशी येणारा वायू मी पेटवला. बारीक, निळसर ज्योत लागली. तुंगा श्वास रोखून बघत होती.

“नीट बघ,” मी म्हटलं. “आधी तुला खरा सोमल दाखवते.” अण्णांच्या कुलूपबंद कपाटातला सोमल सुईच्या टोकाएवढा घेऊन मी बाटलीत सोडला आणि ज्योतीवर चिनी मातीची पांढरी बशी धरली. बशीवर काळा, चकचकीत डाग उमटला, आरशासारखा.

“विष असं दिसतं. लपत नाही. नखभर असलं तरी असाच डाग पडतो.”

मग मी दुसरी बाटली घेतली. नवं जस्त, नवं तेजाब. करंड्यातला अर्धा चुरा पाण्यात कालवून आत ओतला. ज्योत पेटवली. बशी धरली.

बशी पांढरीच राहिली. मी ती उचलून पाहिली, पुन्हा धरली. जागा बदलून धरली. हात भरून आला. डाग पडला नाही.

“तुंगे, यात सोमल नाही.”

“कमी असेल.”

“कमी असला तरी दिसतो. आत्ता दाखवला ना तुला?”

“दुसरं काही असेल मग.” तिचे डोळे कोरडे होते. “असेलच, भीमाताई. माझं पोट खोटं बोलतं का?”

मला काय वाटलं कोण जाणे. उरलेल्या चुऱ्यातली चिमूट मी बोटावर घेतली आणि जिभेवर ठेवली. तुंगा किंचाळली, माझा हात ओढायला धावली. पण तोवर ती कणी विरघळलीसुद्धा होती.

“साखर आहे,” मी म्हटलं. “पिठीसाखर. दुधाच्या आंबूस वासाची.”

ती आधी हसली, मग रडू लागली. मी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने विचारलं, “तुझ्या डोक्यात सोमलाचं आलं कुठून?”

तिने पदराने तोंड पुसलं. “मला वाचता येतं. बाबांनी शिकवलं होतं. सासरी सांगू नकोस म्हणाले होते. मासिकाचे ते कच्चे छापील कागद इकडून झोपाळ्यावर राहून जात. मी वाचायची आणि होते तसे ठेवून द्यायची. त्यात तो नवरा बायकोला दूध नेऊन देतो. ते वाचलं, आणि चारच दिवसांनी इकडून माझ्यासाठी दूध आणणं झालं. त्याआधी कधी नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधीच नाही.”

मी भात कालवला. मऊ भात, मेतकूट, तूप. ताट तिच्यापुढे ठेवलं. ती ताटाकडे बघत बसली.

“कळतंय मला,” ती म्हणाली. “बशी पांढरी राहिली, मी पाहिली. पण हात उठत नाही.”

मी तिच्याच ताटात हात घातला आणि पहिला घास घेतला. सवाशिणीच्या ताटात विधवेने जेवावं, हे आत्याबाईंनी पाहिलं असतं तर काशीला जायला निघाल्या असत्या. तुंगाने मात्र माझ्या गळ्यातून घास खाली उतरेपर्यंत पाहिलं आणि मग ती जेवली. दोनदा भात मागून घेतला. तिथंच, माजघरात, भिंतीशी कलंडून झोपली.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. एका सज्जन माणसावर आपण भलता आळ घेतला, असंही वाटू लागलं. बायको अशक्त झाली म्हणून त्याने दूध दिलं असेल. आत्याबाई गूळ घालतात, याने साखर घातली असेल. तरी एक गोष्ट टोचत राहिली. तिला ओकाऱ्या सुरू झाल्या त्या दूध सुरू झाल्यानंतर. अशक्तपणासाठी दूध द्यावं, तर ते आधी कसं?

नीळकंठरावांनी त्या सकाळीच पुढचं हस्तलिखित पाठवलं होतं. जीव रमवायला म्हणून मी ते वाचायला घेतलं. चंपावती आता घरातल्या कुणाच्या हातचं खात नव्हती. ती वाटी राखेने घासते, उन्हाकडे धरते, पुन्हा घासते. मी थबकले. पुढचं पान उलटलं. चंपावती दूध मोरीत ओतते, तळाची कणी बोटाने निपटते, कुंकवाचा करंडा रिकामा करते आणि ती कणी त्यात साठवते. आपण मेल्यावर कुणीतरी पाहील म्हणून.

मी ते दोनदा वाचलं. करंड्याची गोष्ट तुंगाने मला सोडून कुणालाही सांगितली नव्हती. हे ठाऊक असायला कुणीतरी दाराआडून पाहिलं असायला हवं. आणि एकदा पाहून भागणार नव्हतं.

कोयंडा वाजला. अण्णा आणि नीळकंठराव बोलत बोलतच आत आले. आत्याबाई देवळातून थेट घरी गेल्या होत्या आणि भाच्याला बायकोला आणायला पाठवलं होतं. वाटेत त्याला अण्णा भेटले होते.

“तुंगा कुठंय?” नीळकंठरावांनी विचारलं.

“झोपली आहे. जेवून.”

“जेवून?” त्यांनी भुवया उंचावल्या. त्या स्वरात आनंद नव्हता. एखाद्याचा हिशेब चुकावा, तसा तो स्वर होता.

मी हस्तलिखित हातात घेऊनच उभी होते. “नीळकंठराव, तुंगाला वाचता येतं हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?”

“तुंगाबाईंना वाचता येतं?” अण्णा चकित होऊन म्हणाले.

नीळकंठरावांनी माझ्याकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं. मग शांतपणे खुर्चीत बसले.

“पहिल्या दिवाळसणापासून. निपाणीच्या देवळातली पाटी बघताना तिचे ओठ हलले.”

“झोपाळ्यावरची प्रुफं?”

“मीच ठेवत होतो.”

“आणि साखर?”

“पिठीसाखर, न ढवळता.” ते अण्णांकडे वळले. चेहरा उजळला होता. “डॉक्टर, मी हे संपल्यावर तुम्हाला सांगणारच होतो. तुमचा निबंध सगळ्यांनी वाचला, पण तो खरा केला एकट्या मी. संशय माणसाला कसा खातो, हे आजवर सगळ्यांनी अंदाजाने लिहिलं. मी तो पेरला, वाढवला आणि रोज पाहिला. आणि काय हाती आलं बघा! सोमलाचा एक कण पोटात न जाता सोमलाची लक्षणं! ओकाऱ्या, कोरड, मुंग्या, सगळी, तुम्ही सांगितलीत त्याच क्रमाने. कारण तिने ती प्रुफात वाचली होती. हे तुमच्या कुठल्या वैद्यकग्रंथात आहे?”

आणि मला ती गोष्ट आजही सांगताना जड जातं: क्षणभर, अगदी डोळ्याची पापणी लवेपर्यंत, अण्णांच्या चेहऱ्यावर कुतूहल चमकून गेलं. हे कसं घडलं, असं विचारायला त्यांचे ओठ उघडलेसुद्धा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मिटले.

“मी पाहा म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“प्रयोग हा शब्द तुमचा आहे. बेडूक टेबलावर ताणून बसवताना तुम्ही त्याची परवानगी घेता?”

“ती तुमची बायको आहे!”

“म्हणूनच. दुसऱ्या कुणाच्या बायकोला मी रोज कसा पाहणार? आणि मी तिला काय केलं? वाईटसाईट बोललो नाही, हात उगारला नाही. दूध दिलं. उद्या तुम्ही कोर्टात गेलात तर न्यायाधीश हसतील, डॉक्टर.”

“हे तुम्ही थांबवणार केव्हा होतात?” अण्णांनी विचारलं.

“शेवटचं प्रकरण लिहून झालं की.”

“शेवटच्या प्रकरणात काय होतं?”

नीळकंठरावांनी माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

“चंपावती मरते,” माजघराच्या दारातून तुंगा म्हणाली.

ती केव्हा उठून उभी राहिली, आम्हाला कळलं नव्हतं. एक हात चौकटीवर होता. तोंडावर झोपेच्या घड्या तशाच. त्या काळी बायका चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलत नसत. ‘इकडून’, ‘स्वारी’ असं आडून बोलत. तुंगा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

“तुम्ही मला मरू दिलं असतं?”

“तुंगा, उगीच काहीतरी बोलू नकोस. तब्येत फार बिघडली असती तर मी—”

“किती बिघडली म्हणजे फार?”

उलटतपासणीत ज्यांचा हात धरणारा नव्हता, त्यांनी नजर काढून घेतली. ते उठले, उपरणं सारखं केलं. “चल. घरी जाऊन बोलू.”

“शेवटी मरते ती मी आहे का?”

“अगं, ती चंपावती. तू कशी असशील?”

“मग तिला घेऊन जा,” तुंगा म्हणाली. “मी निपाणीला जाते.”

अण्णांनी माझ्या हातातलं हस्तलिखित घेतलं आणि नीळकंठरावांच्या पुढे धरलं. “हे ज्ञानमयूखात येणार नाही.”

“मध्येच बंद करणार? वर्गणीदार तुमच्या दारात येतील.”

“येऊ देत. आणि वकीलसाहेब, बायको नांदायला येत नाही म्हणून तुम्ही फिर्याद केलीत, तर मी साक्षीला उभा राहीन आणि हे सगळं भर कोर्टात मोठ्याने वाचून दाखवीन.”

नीळकंठरावांनी कागद घेतले, कडा जुळवल्या आणि तुंगाकडे पुन्हा एकदा पाहिलं. रागाने नव्हे. तिच्या चौकटीवरच्या हाताकडे, पायांच्या बोटांकडे, असं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी पुढे होऊन दोघांच्या मध्ये उभी राहिले. मग ते गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः गाडीत बसून तिला निपाणीला पोचवून आले. तिच्या वडिलांनी आधी कपाळाला हात लावला. पण अण्णांनी काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी मुलीला परत पाठवण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. नीळकंठरावांनी फिर्याद केली नाही. वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्या मुलीला वाचता येत नव्हतं, असं ऐकलं. खरंच येत नव्हतं की नाही, देव जाणे. तिच्या घरावरून जाताना माझी पावलं दरवेळी मंद होत.

ज्ञानमयूख पुढे वर्षभर रडतखडत चाललं. अण्णा विजेवर आणि धूमकेतूंवर लिहीत राहिले, पण कथा कशी लिहावी हे त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही. बेडूक मात्र त्यांनी टेबलावर ताणायचं सोडलं नाही. त्यावरून आमच्यात दोनचारदा भांडणं झाली.

तुंगाला त्यांनीच चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं. ती सुईणपणाचं आणि शुश्रूषेचं शिक्षण घेऊन आली आणि हुबळीला बायकांच्या इस्पितळात राहिली. अंगाने भरली, केस पिकले, चष्मा लागला. सुट्टीत माझ्याकडे येई. हातात सदा पुस्तक.

नीळकंठरावांनी कादंबरी पुण्यामुंबईकडच्या एका मासिकात पुरी केली आणि मग ती पुस्तकरूपाने निघाली. मोठा बोलबाला झाला. समीक्षकांनी लिहिलं, की स्त्रीच्या अंतःकरणात इतकं खोल उतरलेला लेखक मराठीत झाला नाही. एकदा तुंगा आलेली असताना कुणीतरी ते पुस्तक माझ्याकडे ठेवून गेलं होतं. मी ते घाईने उचलून फडताळात टाकू लागले.

“ठेवा तसंच,” ती म्हणाली. “मी वाचलंय.”

“पुरं?”

“पुरं.” ती शेंगा सोलत होती. तिने एक दाणा तोंडात टाकला. “चांगलं लिहिलंय. घाबरलेपण तर अगदी जसंच्या तसं. वाटी घासणं, करंडा, सगळं. शेवट तेवढा साफ फसलाय.”

“म्हणजे?”

“चंपावतीचं मरण हो. दोन पानं बोलते काय, नवऱ्याला क्षमा करते काय, हसत डोळे मिटते काय! इतक्या बायका माझ्या हातावर गेल्या, एकही अशी गेली नाही.” तिने टरफलं सुपात ढकलली. “बिचाऱ्यांना तेवढं पाहायला मिळालं नाही ना.”